शिधापत्रिकेबाहेरची घरं

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीने आजवर पाच वेळा पटकावला. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी हे पुरस्कार सुरू झाले आणि पहिलाच मान आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाला. पाचवा मान मिळाला २०१६ सालासाठी, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला. पहिल्या चित्रपटात कोकणातलं घर आहे. वडील, भावंडं, कर्ज, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी आई. पाचव्यातही कोकणच आहे. पण तिथे जमलेल्या माणसांत रक्ताचं किंवा लग्नाचं म्हणावं असं नातं कुणाचंच कुणाशी नाही. नैराश्यातून सावरत असलेली जानकी, तिचा ड्रायव्हर यदू, जीव नकोसा झालेला एक तरुण, किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ आणि रस्त्यावर वाढलेला एक पोरगा. तरीही चित्रपट संपतो तेव्हा हे कुटुंब नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही.

या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात चौकटीत न बसणारं घर मराठी पडद्यावर कसकसं आलं, कोणत्या अटींवर आलं, त्यात कुणाला जागा मिळाली आणि कोण दाराबाहेर राहिलं, याचा आढावा घ्यायचा तर आधी मोजमाप ठरवावं लागतं. प्रतिनिधित्वाची चर्चा बहुतेक वेळा डोकी मोजण्यावर येऊन थांबते. एक समलिंगी पात्र आलं, एक अपंग मूल आलं, एक तृतीयपंथी व्यक्ती आली की हजेरी लागली. घराच्या बाबतीत हे मोजमाप फसवं आहे. माणूस घरातला आहे की नुसता येऊन गेला, हे बारीकसारीक हक्कांवरून कळतं. भाड्याची खोली कुणाला मिळते? दवाखान्यात सही कोण करतं? शाळेच्या अर्जात पालक म्हणून कुणाचं नाव लागतं? शिधापत्रिकेवर कोण चढतं? आणि माणूस गेला की सुतक कुणाला लागतं?

या कसोटीवर चित्रपट लावून पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. नाइलाजाने वेगळं झालेलं घर आपल्या सिनेमाने पोटाशी धरलं. कुणी आपल्या मर्जीने वेगळं घर मांडलं, तर मात्र त्याला हसण्यावारी नेलं, नाही तर त्याची शोकांतिका केली. ही खोड आता कुठे सुटू लागली आहे.

खोली हवी, तर बायको दाखवा

हसण्यावारी नेण्याचा सगळ्यात लाडका दाखला म्हणजे 'अशी ही बनवा बनवी' (१९८८). हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून बेतलेली ही गोष्ट पुण्यात घडते. चार तरुण, डोक्यावर छप्पर नाही, आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर एकट्यादुकट्या पुरुषांना जागा द्यायला तयार नाहीत. मग चौघांपैकी दोघं साड्या नेसतात आणि दोन जोडप्यांचा संसार उभा राहतो. सचिन पिळगांवकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या साडीतल्या करामतींवर मराठी माणूस गेली साडेतीन दशकं हसतो आहे, आणि ते हसू अस्सल आहे.

पण या विनोदाचा पाया तपासला तर तो बऱ्यापैकी कडू निघतो. चौघांची एकमेकांवर माया आहे, एकाचं दुखणं दुसरा काढतो, एकाच्या पगारावर बाकीचे जगतात. म्हणजे कुटुंबाची सगळी कामं ते करतात. फक्त लग्न नाही, म्हणून ते भाडेकरू होऊ शकत नाहीत. एकट्या बाईला, मुस्लिम जोडप्याला, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना, तृतीयपंथी व्यक्तीला शहरात खोली शोधताना आजही हाच अनुभव येतो. 'बनवा बनवी'ने ही अट खोटी पाडली नाही, ती चुकवण्याची गंमत दाखवली. शेवटी वेश उतरतात, खऱ्या नायिका येतात आणि घर पुन्हा 'रीतसर' होतं. पुरुष साडीत असला की हशा, साडी उतरली की सुटका, हा साचा मराठी विनोदी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांत पुढे इतका मुरला की खरोखर स्त्रीवेशात जगणाऱ्या माणसाला पडद्यावर गंभीरपणे उभं राहायला जागाच उरली नाही.

मूल कुणाचं?

सिनेमाने जिथे मनापासून माया लावली, ते क्षेत्र म्हणजे मूल. आपल्या परंपरेतही मुलाच्या जन्माच्या वाटा एकाच साच्याच्या नव्हत्या, याची आठवण अमोल पालेकरांच्या 'अनाहत'ने (२००३) करून दिली होती. राजाला मूल होत नाही, म्हणून राणीने एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायचा, हा नियोगाचा प्रसंग त्यात केंद्रस्थानी आहे. पालेकरांना वंशाच्या प्रश्नापेक्षा राणीच्या इच्छेत अधिक रस होता, म्हणून तो चित्रपट वेगळा ठरला.

समृद्धी पोरे या वकील. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मला आई व्हायचंय!'ने (२०११) हाच प्रश्न आजच्या दवाखान्यात आणला. विदर्भातली गरीब यशोदा पैशासाठी परदेशी बाईचं मूल पोटात वाढवते. ती बाई मध्येच पाठ फिरवते. गोरं, घाऱ्या डोळ्यांचं मूल मराठी मातीत, मराठी बोलत वाढतं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या कथेवरून पुढे लक्ष्मण उतेकर यांनी हिंदीत 'मिमी' (२०२१) केला. यशोदाचं घर हे नाइलाजातून आलेलं घर आहे. तिने ते निवडलं नव्हतं, ते तिच्या पदरात पडलं, आणि म्हणूनच प्रेक्षकाने तिला डोळ्यांत पाणी आणून स्वीकारलं.

'मिमी' आला त्याच वर्षी संसदेत सरोगसीचा कायदा मंजूर झाला. पैशासाठी गर्भ वाढवण्याला त्याने बंदी घातली आणि सरोगसीची मुभा ठेवली ती विवाहित भारतीय जोडप्यांना, तसंच ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, समलिंगी जोडपी बाहेर राहिली. गरीब बाईची पिळवणूक थांबवणं हा हेतू रास्त होता. पण कायद्यानेही घराची व्याख्या लग्नापाशीच आणून बांधली. सिनेमा आणि कायदा इथे एकाच सुरात बोलतात. मूल देणाऱ्या बाईबद्दल कणव, आणि लग्नाविना मूल मागणाऱ्याबद्दल संशय.

दत्तक मुलाची गोष्ट 'नाळ'ने (२०१८) सांगितली, आणि ती मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून सांगितली. सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मूळचे छायालेखक; त्यांची मातृभाषा मराठी नाही, पण नदीकाठचं वैदर्भी गाव त्यांनी आतून टिपलं. आठ-नऊ वर्षांच्या चैत्याला बाहेरून कळतं की आपली आई ही आपली जन्मदाती नव्हे. त्यानंतर तो काय करतो? रडत बसत नाही. तो आईच्या वागण्यावर पाळत ठेवतो. ती ओरडली की त्याला वाटतं, सख्खी असती तर ओरडली नसती. तिने लाड केले की वाटतं, हे उसनं आहे. आईचं नेहमीचं वागणं त्याला अचानक पुरावा वाटू लागतं. देविका दफ्तरदार यांनी ही आई एकाही मोठ्या संवादाचा आधार न घेता साकारली आहे. चूल, गोठा, न्हाऊमाखू या कामांतूनच तिची माया दिसते, आणि नेमक्या त्याच कामांकडे पोरगा संशयाने पाहत असतो. दत्तक कुटुंबावर इतकं नेमकं भाष्य मराठीत दुसरं नाही. 'नाळ भाग २'मध्ये (२०२३) चैत्या जन्मदात्या घरी जातो आणि तिथल्या बहिणीशी नातं जोडू पाहतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला हा, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा नवा 'श्यामची आई'. एका यादीत एका आईचा पोरगा आणि दोन आयांचा पोरगा शेजारी बसले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुलाच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाचं मन किती मोठं झालं आहे, याचा हा पुरावा धरायला हरकत नाही.

सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे

अपंगत्व असलेल्या मुलाचं घर हे वरवर पाहता रीतसरच असतं: आई, वडील, मूल. पण मूल मोठं झालं तरी मोठं होत नाही, तेव्हा त्या घराचं वेळापत्रक, लैंगिकता, पैसा, म्हातारपणाची भीती, सगळंच इतर घरांहून निराळं होतं. संजय सूरकर यांच्या 'चौकट राजा'त (१९९१) दिलीप प्रभावळकरांनी नंदू उभा केला आणि महाराष्ट्राने त्याच्यावर जीव लावला. नंदूची आई आणि शेजारचा गणा मिळून त्याला सांभाळतात; आख्खी वस्तीच त्याचं घर असते. तिथे नंदू निष्पाप आहे, निरागस आहे, आणि म्हणूनच प्रिय आहे.

प्रसाद ओक यांच्या 'कच्चा लिंबू'ने (२०१७) ही निरागसता काढून टाकली. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवरचा हा कृष्णधवल चित्रपट मुंबईतल्या काटदरे दांपत्याचा आहे. दोघांच्या नोकरीच्या वेळाच अशा, की एक घरात असला की दुसरा बाहेर. मुलगा बच्चू वयात आला आहे, त्याच्या शरीराला जाग आली आहे, आणि त्याला आवरायला फक्त आई आणि बाप आहेत. नवरा-बायको म्हणून या दोघांच्या वाट्याला कधीच न आलेला एकांत हाच चित्रपटाचा खरा विषय. 'नंदू गोड आहे' म्हणून सुटता येतं. बच्चूच्या घरातून प्रेक्षकाला तसं सुटता येत नाही.

दोन्ही भूमिका धडधाकट नटांनी केल्या, आणि उत्तम केल्या. पण या दोहोंच्या मध्ये, २०१४ साली, महेश लिमये यांचा 'येलो' येऊन गेला. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची ती गोष्ट, आणि पडद्यावर गौरी स्वतः होती. नवऱ्याला मुलीची लाज वाटते म्हणून आई तिला घेऊन भावाकडे राहायला जाते. आई, मामा आणि पोहायला शिकवणारा प्रशिक्षक असं गौरीचं घर तयार होतं. गौरी स्वतः कॅमेऱ्यापुढे आल्याने काय बदललं? दिग्दर्शकाला तिच्या बोलण्याच्या लयीप्रमाणे प्रसंग बांधावे लागले. ती थांबते तिथे प्रसंग थांबतो, ती खळखळून हसते तिथे समोरच्या कसलेल्या नटालाही लिहिलेलं वाक्य सोडून तिच्याकडे पाहावं लागतं. प्रभावळकरांचा नंदू पाहताना आपण अभिनयाला दाद देतो; गौरीला पाहताना दाद द्यायचं सुचत नाही, आपण ती पुढे काय करेल याची वाट पाहतो. राष्ट्रीय पुरस्कार समितीने गौरीची खास दखल घेतली. तरीही अपंग भूमिकेत अपंग कलाकार, ही वाट पुढच्या निर्मात्यांनी फारशी चोखाळली नाही.

देवीच्या नावाने, गावाच्या वेशीवर

वर आलेली बहुतेक घरं मध्यमवर्गीय, आणि आडनावं पाहिली तर बरीचशी उच्चवर्णीय आहेत. जातीने आणि दारिद्र्याने ज्यांना कुटुंब नाकारलं, त्यांच्याकडे वळणारा मोठा चित्रपट म्हणजे राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९). राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर तो आधारलेला आहे. यल्लम्माला सोडलेली सुली आणि लुगडं नेसायला लावलेला तायप्पा हे एका जोगत्यांच्या मेळ्यात येऊन पडतात. हा मेळा म्हणजे एक पूर्ण कुटुंब आहे. वडीलधारे आहेत, शिस्त आहे, मिळकतीची वाटणी आहे, भांडणं आहेत, दुखण्याखुपण्यात धावून येणं आहे. त्याला नाव देणारा कायदा मात्र कुठलाच नाही. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वार्थाने योग्यच होता.

एक प्रश्न मात्र राहतो. तायप्पा मनाने पुरुष आहे, त्याच्यावर लुगडं लादलेलं आहे. म्हणून त्याची मुक्ती म्हणजे लुगडं टाकणं आणि सुलीचा हात धरणं. ही त्याची गोष्ट म्हणून खरी आहे. पण त्याच मेळ्यात असेही जोगते असतात ज्यांना लुगडं आपलं वाटतं, ज्यांना देवीच्या आडोशाने का होईना, मनासारखं जगायला मिळालेलं असतं. ते चित्रपटात कडेला उभे राहतात. अन्याय म्हणून लादलेला स्त्रीवेश आपल्या सिनेमाला कळला. आवडीने घेतलेला स्त्रीवेश त्याला अजून नीट कळायचा होता.

गोव्यातल्या लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पल्तडचो मनिस' (२००९) हा कोंकणी चित्रपट इथे आठवावाच लागतो. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवरचा हा चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. जंगलात एकटा राहणारा विधुर वनरक्षक विनायक एका मनोरुग्ण भटक्या बाईला आसरा देतो. हळूहळू ती त्याची सोबतीण होते. जवळचं गाव देवळाच्या कामात गुंतलेलं आहे आणि या दोघांना पाण्यात पाहतं. चित्तरंजन गिरी आणि वीणा जामकर यांच्यात संवाद नाहीच जवळपास. ती बोलतच नाही. तिला आंघोळ घालणं, जेवू घालणं, ती पळून गेली की शोधून आणणं, यातूनच संसार होतो. ती स्वतःच्या संमतीबद्दल काही बोलू शकत नाही, ही अस्वस्थ करणारी बाजूही चित्रपट लपवत नाही.

तृतीयपंथी आईची गोष्ट मराठी माणसांनी सांगितली, पण हिंदीत. गौरी सावंत पुण्यात वाढल्या, मुंबईत काम करू लागल्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांचा सर्वोच्च न्यायालयातला २०१४चा निकाल ज्या याचिकांवर आला त्यांत त्यांचा सहभाग होता. २०१७ साली एका औषध कंपनीच्या जाहिरातीत त्या आई म्हणून स्वतः दिसल्या, आणि काही मिनिटांची ती जाहिरात घराघरांत पोहोचली. २०२३ साली रवी जाधव यांनी त्यांच्यावर 'ताली' ही मालिका केली. लेखन क्षितिज पटवर्धन यांचं, आणि गौरींच्या भूमिकेत सुष्मिता सेन. मोठं नाव असल्याशिवाय पैसा उभा राहत नाही, हा निर्मात्यांचा हिशेब खोटा नाही. पण काही मिनिटांच्या जाहिरातीत जी बाई स्वतः पुरेशी होती, ती सहा भागांच्या मालिकेत स्वतःच्याच भूमिकेसाठी अपुरी का ठरावी, याचं उत्तर त्या हिशेबात सापडत नाही.

मर्जीची किंमत

आता मर्जीच्या नात्यांकडे. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त (१९८२) सुलभा घर सोडून महिला सुधारगृह चालवायला जाते. त्या सुधारगृहात दोन स्त्रियांचं नातं येतं. पण ते येतं एक प्रशासकीय अडचण म्हणून. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं ते १९८१मध्ये, रोहिणी हट्टंगडी यांना घेऊन. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा तिथे मध्यभागी आहे, तिच्यावर नाटककाराचं प्रेमही आहे, पण तिच्या वाट्याला मृत्यूच येतो. त्याच कथासूत्रावर रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीन दशकांनी मित्रा परतली, पण तिच्या प्रेमाला घर मिळालं नाही.

पालेकरांच्या 'थांग'मध्ये (२००६) घर आहे, ते विवाहित जोडप्याचं. सईला कळतं की आपल्या नवऱ्याचं एका पुरुषाशी नातं आहे. मृणाल कुलकर्णींची सई संतापते, कोसळते, आणि मग विचार करू लागते. तेव्हा कलम ३७७ अस्तित्वात होतं, समलिंगी संबंध हा गुन्हा होता. अशा काळात बायकोच्या नजरेतून का होईना, हा प्रश्न दिवाणखान्यात आणणं हे मोठं काम होतं. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या एकपात्री नाटकात तीच नजर आईची आहे. मोना आंबेगावकर यांनी ते अनेक ठिकाणी सादर केलं. या दोन्हीतून मराठी घराने पहिल्यांदा बोलायला तोंड उघडलं, पण बोलली ती आई आणि बायको. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तो मात्र पडद्याआडच राहिला.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. पुण्याच्या एका घरातले भाऊ आणि बहीण, दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. २०२२मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला तेव्हा भाषा बदलली होती आणि घर पुण्याहून कोचीला गेलं होतं. ज्या पेठांच्या कोंडलेपणातून ती कादंबरी जन्मली, तो पडद्यावर उरला नाही. त्याच २०२२मध्ये हर्षवर्धन कुलकर्णी यांनी देहरादूनच्या पार्श्वभूमीवर 'बधाई दो' हा हिंदी चित्रपट केला. घरच्यांचं तोंड बंद करायला एक समलिंगी पुरुष आणि एक समलिंगी स्त्री लग्न करतात, मूल दत्तक घेतात, आणि शेवटी मुलाच्या पूजेला दोघांचेही जोडीदार बसतात. नायिकेची जोडीदार रिमझिम ही भूमिका अरुणाचलच्या चुम दरांगला देणं ही त्यातली एक शहाणी निवड. 'बनवा बनवी'तली युक्तीच इथे वापरली आहे, पण इथे ती खोटं लग्न म्हणून आतून किती सोसायला लावते हेही दाखवलं आहे. मराठी माणसाने केलेला हा चित्रपट मराठीत का होऊ शकला नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आपण मांडलेलं घर

नाइलाज आणि शोकांतिका यांच्या पलीकडे जाणारी पहिली स्पष्ट पावलं 'कासव' आणि कुंडलकरांचाच 'गुलाबजाम' (२०१८) यांनी टाकली. 'कासव'मध्ये जानकी त्या अनोळखी तरुणाला उचलून आणते आणि त्याला प्रश्नच विचारत नाही: नाव काय, गाव कोणतं, आईबाप कुठे आहेत. चौकशी न करणं हाच तिथे आसरा आहे. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्यातला ताण वाढतो तो जेवणाच्या ताटावरून, बंद दारावरून. किशोर कदमांचा यदू कुरकुरत राहतो, मालकिणीच्या या उद्योगाला त्याची संमती नाही, आणि तरीही ताट तोच लावतो. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते. पिल्लं पाण्यापर्यंत पोहोचतात ती किनाऱ्यावरच्या माणसांच्या राखणीमुळे. हे रूपक चित्रपट फार ओरडून सांगत नाही, म्हणून ते टिकतं.

'गुलाबजाम'मध्ये डबे करून पोट भरणारी राधा आणि तिच्याकडे स्वयंपाक शिकायला आलेला आदित्य यांचं नातं ना प्रेमिकांचं ना मायलेकरांचं. चित्रपट त्याला नाव देत नाही, लग्नापर्यंत नेत नाही, आणि तरी ते अर्धवट वाटत नाही. या दोन्ही चित्रपटांना एक मर्यादाही आहे: मर्जीने घर मांडायला पैसा किंवा स्वतःची जागा हाताशी आहे. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांचं काय?

त्याचं उत्तर रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने दिलं. जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथाचित्रपटांच्या विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यामुळे गावी येतो, दहा दिवसांच्या सुतकात अडकतो, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. सुतकाचे नियम, नातेवाइकांची गर्दी, लग्न कधी करतोस म्हणून लागलेला धोशा. मृत्यूच्या घरातही लग्नाचाच विषय. आनंदच्या आईला सगळं माहीत आहे. ती भाषण देत नाही; ती नातेवाइकांच्या तोंडावर एक थाप मारते आणि मुलाला वाचवते. मुलीने फसवलं म्हणून पोरगा लग्नाला तयार होत नाही, अशी ती थाप. 'एक माधवबाग'मधल्या आईला जे पचवायला आख्खा प्रयोग लागला, ते पचवून ही आई आता पुढच्या कामाला लागली आहे.

बाळ्या आनंदसाठी रानातून साबराची बोंडं आणतो, त्यावरचे काटे काढून देतो. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. शेरडं राखणाऱ्या, लग्नासाठी घरच्यांचा तगादा सोसणाऱ्या बाळ्याचं प्रेम हे शहरातून शिकून आलेलं नाही. समलिंगी प्रेम हे शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, पैसेवाल्यांचं फॅड आहे, हा आपल्याकडचा लाडका समज त्या रानात गळून पडतो. कानवडे स्वतः मुंबईत झोपडपट्टीत वाढले, वडिलांच्या सुतकासाठी गावी गेले तेव्हाच्या अनुभवातून त्यांनी ही गोष्ट लिहिली. त्यामुळे या चित्रपटात कुणाला समजावून सांगण्याची धडपड नाही. प्रेक्षक तिसरा माणूस म्हणून त्या घरात बसतो.

कायदा पुढे, की पडदा?

६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा जाच संपला. ऑगस्ट २०२२मध्ये दीपिका सिंग यांच्या बाळंतपणाच्या रजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आई-वडील-मुलं या साच्याबाहेरचीही कुटुंबं असतात, आणि कायद्याच्या संरक्षणावर त्यांचाही हक्क आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०२४मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एका शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानावं, संयुक्त बँक खातं उघडायला आडकाठी नसावी, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मे २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच, असं म्हटलं. लग्नाचा दरवाजा बंद, पण शिधापत्रिका, बँक आणि शवागाराची खिडकी किलकिली, अशी आजची अवस्था आहे. पटकथाकाराला याहून जास्त नाट्य कुठे मिळणार?

तरी या खिडक्यांपुढची रांग मराठी पडद्यावर अजून दिसत नाही. दोन बायकांनी मिळून वाढवलेलं मूल आपल्या मुख्य धारेच्या चित्रपटात शोधावं लागतं. तृतीयपंथी पालक मराठीत बोलत नाही. मुस्लिम घर पाहायचं तर शिवाजी लोटन पाटील यांच्या 'हलाल'कडे (२०१७) जावं लागतं, आणि तिथेही विषय तलाकच. दलित घर 'फँड्री'त आलं ते जातीच्या मारासकट, पण दलित कुटुंबातली लैंगिक विविधता अजून अस्पर्श आहे. उतारवयातली सोबत मात्र बऱ्यापैकी रुळली. दळवींच्याच 'दुर्गी' नाटकावरच्या 'उत्तरायण'पासून सुरू झालेली ती वाट 'अग्गंबाई सासूबाई' या २०१९च्या मालिकेपर्यंत आली, जिथे सून पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावते, आणि रोज संध्याकाळी ते पाहायला घरोघरी सासवा-सुना बसल्या. मालिकांचा प्रेक्षक बदल पचवत नाही, हे निर्मात्यांचं पालुपद त्या एका मालिकेने खोटं ठरवलं. अर्थात सासूला घर मिळालं ते लग्नाच्याच मार्गाने, हेही नोंदवायला हवं.

सगळं एकत्र पाहिलं की हिशेब असा निघतो. मराठी सिनेमाला वेगळ्या घराचं वावडं कधीच नव्हतं. त्याला त्या घराच्या स्वेच्छेचं वावडं होतं. मूल पदरात पडलं, आजार कोसळला, देवीने ओढलं, नवऱ्याने टाकलं, की पाझर फुटायचा. 'आम्हाला असंच राहायचं आहे' म्हटलं की कथा गडबडायची. ही कोंडी जिथे फुटली, तिथे एक समान गोष्ट सापडते: त्या आयुष्याशी संबंध असलेलं माणूस कॅमेऱ्याच्या पुढे किंवा मागे होतं. 'येलो'त गौरी होती, 'साबर बोंडं'त कानवडे होते, 'कासव' करणाऱ्या सुमित्रा भावे समाजकार्यातून सिनेमाकडे आल्या होत्या. सहानुभूतीने लिहिलेलं आणि ओळखीने लिहिलेलं यातला फरक प्रेक्षकाला लगेच कळतो. म्हणून शासनाच्या अनुदान समित्या, वाहिन्यांची लेखनदालनं आणि निर्मात्यांची कार्यालयं यांना पुढच्या वेगळ्या घराची गोष्ट हवी असेल, तर त्यांनी विषय मागवण्याआधी लेखक मागवावेत. त्या घरात राहणाऱ्यांना लिहायला बसवावं. मग त्यांनी त्या घराची शोकांतिका लिहावी, सोसायटीच्या देखभाल खर्चावरून झालेलं भांडण लिहावं, की निव्वळ फार्स लिहावा, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.